हाताने रंगवलेली जुनी चेक लोकभांडी : जमवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

चेक म्हटलं की आपल्याला काच आठवते. मातीच्या भांड्यांबद्दल विचारणारे त्यामानाने थोडे, पण प्रश्न बहुतेकांचे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतंही मिसळलेली आहेत आणि ती कुठे आहेत ते वाचताना कळेलच.

‘चेक लोककलेची भांडी’ म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली किमान चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली हाबान भांडी. ही सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंतची, पांढऱ्या अपारदर्शक झिलईवर रंगवलेली. दुसरी मोरावियातल्या, म्हणजे चेक देशाच्या पूर्व भागातल्या, गावठी कुंभारांची माजोलिका (पांढऱ्या झिलईवर रंगवलेली मातीची भांडी). हाबान कारागिरांकडून उतरलेली ही परंपरा विश्कोवसारख्या गावांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चालली आणि विसाव्या शतकात तुपेसी गावात पुन्हा रुजली. तिसरी बोहेमियाच्या (चेक देशाच्या पश्चिम भागाच्या) पश्चिम टोकाला, बव्हेरियाच्या सीमेलगत असलेल्या खोद्स्को भागातली, रानफुलांच्या नक्षीची. आणि चौथी खास परदेशी गिऱ्हाइकासाठी कारखान्यात केलेली ‘पेझंट आर्ट’. ती १९२० आणि १९३०च्या दशकांतली, बहुतेक अमेरिकेत गेलेली.

चौघींचं वय, किंमत, माती, कुंचला सगळं वेगळं. विक्रेता नुसतं ‘चेक फोक आर्ट’ म्हणाला तर त्याने अजून काहीच सांगितलेलं नाही असं समजा.

हाबान कोण होते? त्यांच्या भांड्यांना एवढा मान का?

सोळाव्या शतकात युरोपात ॲनाबॅप्टिस्ट नावाचा ख्रिस्ती पंथ निघाला. बाप्तिस्मा जाणत्या वयात घ्यायचा, शस्त्र धरायचं नाही, मालमत्ता सगळ्यांची मिळून, ही त्यातल्या हुटराइट शाखेची शिकवण. याच शाखेचे लोक म्हणजे हाबान. ज्याच्या नावावरून ही शाखा ओळखली जाते त्या याकोब हुटरला १५३६मध्ये इन्सब्रुकला जाळून मारण्यात आलं. मोरावियातल्या जमीनदारांनी मात्र या लोकांना आसरा दिला, कारण ते कमालीचे कसबी होते. सुऱ्या, घड्याळं, कातडीकाम, वैद्यकी आणि मातीची भांडी, सगळ्यात त्यांचा हात चालायचा.

कथिलाची पांढरी झिलई देण्याची विद्या इटलीची. या लोकांनी ती मोरावियात आणून आपल्या साध्या राहणीच्या चौकटीत बसवली. सुरुवातीच्या भांड्यांवर माणसं नाहीत, प्राणी नाहीत, संतांची चित्रं नाहीत. ट्युलिप, डाळिंब, कार्नेशन, वेल, एखादा सरदारी कुलचिन्हाचा ढाल-आकार, मालकाच्या नावाची आद्याक्षरं आणि साल, इतकंच. बाकीचा पांढरा भाग मोकळा सोडलेला. मला विचाराल तर या भांड्यांचं निम्मं सौंदर्य त्या न रंगवलेल्या जागेत आहे. पुढच्या काळातले नकलाकार नेमके तिथेच उघडे पडतात, कारण त्यांना मोकळी जागा बघवत नाही.

१६२०च्या पांढऱ्या टेकडीच्या लढाईत प्रोटेस्टंट पक्ष हरला आणि १६२२मध्ये हुटराइटांना मोराविया सोडावा लागला. बरेचसे सीमेपलीकडे, आजच्या स्लोव्हाकियात सोबोतिश्त्ये, वेल्के लेवारे वगैरे गावी गेले, काही ट्रान्सिल्व्हेनियात. अठराव्या शतकात, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या अमलात, स्लोव्हाकियातल्यांना कॅथलिक व्हावं लागलं. मग भांड्यांवर संत आले, पक्षी आले, हरणं आली, नांगर आणि खाटकाची हत्यारंसुद्धा आली, कारण आता गिऱ्हाईक गावातले शेतकरी आणि कारागिरांचे संघ होते. जे बाटले नाहीत त्यांचे वंशज पूर्वेकडे सरकत रशियाच्या साम्राज्यात गेले आणि १८७४पासून अमेरिकेत. आज तिथे आणि कॅनडात त्यांच्या वसाहती आहेत.

खरं हाबान भांडं आपल्याला मिळू शकेल का?

लिलावघरात, कागदपत्रांसह, भरपूर पैसे मोजून. जुन्या बाजारात नाही.

ही भांडी रंगवतात कशी?

हे समजलं की ओळखण्याचं अर्धं काम होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भांडं आधी एकदा भाजतात. मग कथिल आणि शिसं घातलेल्या झिलईच्या पाण्यात बुचकळून काढतात. पाणी क्षणात आत शोषलं जातं आणि वर पांढऱ्या भुकटीचा थर राहतो. या कच्च्या थरावरच रंगवायचं. टीपकागदावर शाईने लिहिल्यासारखं हे काम आहे. कुंचला टेकला की रंग आत गेला, पुसायची सोय नाही. हात थांबला तिथे डाग पडतो, वेगात गेला तिथे रेघ फिकी. त्यानंतर साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसवर दुसरी भाजणी होते आणि रंग झिलईत वितळून बसतो.

एवढ्या आचेत टिकणारे जुने रंग मोजकेच : कोबाल्टचा निळा, अँटिमनीचा पिवळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट तपकिरी. बाह्यरेषा बहुतेक मँगनीजची. या यादीत लाल नाही हे लक्षात घ्या. चटक टोमॅटोसारखा लाल असलेलं ‘सतराव्या शतकातलं हाबान’ कोणी दाखवलं तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं.

लाल, नारिंगी, गुलाबी हे नंतरचे रंग. एकतर भाजलेल्या झिलईच्या वर लावून कमी आचेवर पुन्हा भाजलेले, नाहीतर विसाव्या शतकातल्या कारखान्यात तयार झालेले. वर लावलेला रंग बोटाला किंचित उंच लागतो आणि वापरून वापरून झिजतो. आत मुरलेला रंग झिजत नाही, तो झिलईसकटच जातो.

हाताने रंगवलंय की छापलंय, हे कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. घड्याळजी वापरतात तसलं चालेल. आणि भांडं उलटं करण्याआधी नक्षी बघा. बहुतेक लोक वस्तू हातात आली की आधी तिचं बूड बघतात. मी सगळ्यांना याच्या उलट सांगते, कारण शिक्का फार तर देश आणि दशक सांगेल, कुंचला घराणं सांगतो.

एक पाकळी घ्या. हाताची पाकळी एका फटकाऱ्यात होते. कुंचला टेकतो तिथे रंग पातळ, जिथून उचलतात तिथे रंगाचा थेंब साचून गडद टोक. किंवा उलट, दाबून सुरुवात आणि ओढत नेलेली शेपटी. दोन फटकारे एकमेकांवर गेले की तिथे गडद पट्टा दिसतो. शेजारची पाकळी तशीच असते, पण तीच नसते. पानाचा देठ फुलाला अगदी टेकेलच असं नाही. काठाजवळचं गोल वर्तुळ चाकावर भांडं फिरवत काढलेलं असतं. ते पूर्ण होताना रेघ स्वतःवरच थोडी चढते. तो जोड शोधा, सापडतोच.

छापील कागद चिकटवून केलेल्या नक्षीत भिंगाखाली ठिपके किंवा एकसारखा सपाट रंग दिसतो. कधीकधी तो कागद वळणावर दुमडल्याची सुरकुतीही भाजली गेलेली असते. साचा ठेवून रंगवलेल्या नक्षीत आकारांच्या मधे ठरावीक फटी असतात. १९२०–३०च्या दशकांत जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियात साचा ठेवून रंगाचा फवारा मारायचीही पद्धत होती. तिथे एक कड धारदार आणि दुसरी धुक्यासारखी विरत गेलेली दिसते. ती भांडीही सुंदर असतात आणि त्यांचेही संग्राहक आहेत, पण ती हातरंगाची म्हणून घेऊ नका.

मधला एक प्रकारही आहे, ज्यात बाह्यरेषा छापलेली असते आणि आतला रंग हाताने भरलेला. विक्रेता त्यालाही ‘हँडपेंटेड’ म्हणतो आणि तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलत नाही. बाह्यरेषा दोन ठिकाणी ताडून पाहिली की कळतं.

बुडावरच्या शिक्क्यावरून वय काढता येतं का?

बऱ्यापैकी. निदान याच्या आधीचं नाही, एवढं तर नक्की सांगता येतं.

अमेरिकेने १८९०च्या मॅककिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत लिहायची सक्ती केली. त्यामुळे निर्यातीच्या मालावर देश सापडतो, गावच्या बाजारासाठी केलेल्या मालावर बहुधा नाही. हा भाग १९१८पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत असल्याने त्याआधीच्या वस्तूंवर ‘ऑस्ट्रिया’ दिसतं. २८ ऑक्टोबर १९१८ला चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला, म्हणजे ते नाव असलेली कोणतीही वस्तू त्यानंतरचीच. मधे आडवी रेघ देऊन लिहिलेलं ‘चेको-स्लोव्हाकिया’ सुरुवातीच्या वर्षांत जास्त दिसतं. पण कारखाने जुने शिक्के झिजेपर्यंत वापरत, म्हणून नुसत्या आडव्या रेघेवर ‘१९२०च्या आधीचं’ असा दावा कोणी केला तर मान डोलवू नका.

१९३८च्या शरद ऋतूत जर्मनीने सीमेवरचा सुडेटन भाग घेतला आणि मार्च १९३९पासून उरलेला बोहेमिया-मोराविया ‘प्रोटेक्टोराट’ (जर्मनीच्या ताब्यातला ‘संरक्षित’ प्रदेश) झाला. मे १९४५पर्यंतच्या काही वस्तूंवर ते नाव आहे. त्या थोड्या आहेत आणि इतिहासामुळे मागणी बरी असते. १९४५नंतर मोठे उद्योग सरकारजमा झाले, १९४८ला कम्युनिस्ट आले आणि खासगी कारखान्यांची नावं शिक्क्यांवरून गेली. त्यांच्या जागी सहकारी संस्था आल्या. १ जानेवारी १९९३ला देश दुभंगला, त्यानंतर ‘चेक रिपब्लिक’.

‘रुच्न्ये मालोवानो’ असे शब्द बुडावर दिसले तर त्याचा अर्थ हाताने रंगवलेलं. हे निर्यातीपेक्षा देशातल्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेलं असतं आणि बहुधा युद्धानंतरचं.

झिलईच्या आत असलेला शिक्का मागाहून मारता येत नाही. झिलईच्या वर मारलेला शाईचा शिक्का मारता येतो आणि पुसताही येतो. तेव्हा शिक्का कुठल्या थरात आहे, तेही भिंगाने बघा.

शिक्काच नसेल तर?

घाबरू नका. गावठी कुंभार शिक्का मारत नसे. बुडाच्या कड्याला झिलई नसलेली माती दिसते. ती पिवळसर, तांबूस की पांढरी ते बघा. भट्टीत भांडं ज्या तिकाटण्यावर ठेवतात त्याच्या तीन टोकांचे व्रण असतात, ते बघा. आणि भिंतीवर टांगायच्या गावठी थाळ्यांना मागच्या कड्यात दोन भोकं असतात, दोरी ओवायला. भोक भाजणीच्या आधीचं असेल तर त्याच्या कडा गोलसर असतात आणि आत झिलई उतरलेली असते. नंतर ड्रिलने पाडलेलं असेल तर कडा टोकदार आणि माती ताजी दिसते. जुन्या थाळीला कुणीतरी पुढे भोक पाडणं हा गुन्हा नाही, पण ‘मूळचं आहे’ म्हणून त्याचे जास्त पैसे देऊ नयेत.

‘म्राझेक’ नावाची भांडी अमेरिकन साइट्सवर सारखी दिसतात. ती कुठली?

मोरावियातल्या लेतोवित्से गावची. योसेफ म्राझेक हा अमेरिकेत गेलेला चेक माणूस. मोरावियन लोकनक्षी अमेरिकन घरांत खपेल हे त्याने ओळखलं. न्यूयॉर्कमधून त्याने ‘पेझंट आर्ट’ नावाने धंदा उभा केला आणि १९२०च्या दशकात माल लेतोवित्सेच्या कारखान्यात तयार होऊ लागला. पक्षी, मोठाली फुलं, काळी जाड बाह्यरेषा, नारिंगी-पिवळा-निळा असे चढे रंग. काही भांड्यांवर पांढरी पार्श्वभूमी जवळजवळ उरतच नाही.

जाणकार मंडळी याला ‘खरी लोककला नाही’ म्हणून नाक मुरडतात. कारखान्यात मुली ओळीने बसून ठरलेले नमुने रंगवत, हे खरंच आहे. पण त्यांच्या फटकाऱ्यांत जी सफाई आहे ती गावातल्या भिंती आणि ईस्टरची अंडी रंगवणाऱ्या हातांची आहे. दक्षिण मोरावियात घराच्या दाराभोवती निळ्या रंगात फुलं काढणाऱ्या बायकांना ‘मालेरेच्का’ म्हणतात आणि ती कला अजून संपलेली नाही. लौका गावच्या अनेझ्का काश्पार्कोव्हा (१९२८–२०१८) नव्वदीच्या उंबरठ्यावर गावातल्या छोट्या चर्चच्या भिंती रंगवत असत. त्यांचे फोटो बघा आणि मग म्राझेकची थाळी शेजारी ठेवा. नातं आपोआप दिसेल.

जागतिक मंदीत निर्यातीवर चालणारे असे धंदे बसले. त्यामुळे हा माल तसा थोड्या वर्षांचा आहे आणि जास्त करून अमेरिकेतच सापडतो.

‘एर्फिला’ हा कारखाना कुठे होता?

कुठेच नव्हता. फिलाडेल्फियाच्या एबेलिंग आणि रॉइस या आयातदार पेढीचा तो छाप आहे. माल निरनिराळ्या चेक आणि जर्मन कारखान्यांतून येई. तेप्लित्सेजवळच्या दितमार उरबाखसारख्या मोठ्या कारखान्यांचा स्वतःचा शिक्काही असे. त्यांचा माल सगळाच लोकनक्षीचा नाही.

खोद्स्कोची आणि तुपेसीची भांडी यांत फरक काय?

एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

खोद्स्को म्हणजे दोमाझ्लित्से शहर आणि त्याच्या आसपासची गावं. मुख्य गाव क्लेन्ची. इथल्या भांड्यावर शेताच्या बांधावरची फुलं असतात : खसखशीचं लाल फूल, निळं कॉर्नफ्लॉवर, पांढरी डेझी, मधे गव्हाची ओंबी. पार्श्वभूमी पुष्कळदा गडद, काळी किंवा तपकिरी, कधी सायीच्या रंगाची. फुलं गुच्छात, एकमेकांवर चढलेली. क्लेन्चीच्या ‘खोदोविया’ सहकारी संस्थेचा माल घरोघरी होता, त्यामुळे तो आजही स्वस्त मिळतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी डेझी काढायला रंग दाट लागतो आणि तो थर बोटाला कळतो. मला ही भांडी लांबून जास्त आवडतात, हातात घेतल्यावर कमी. काहींचं याच्या नेमकं उलट असेल.

तुपेसी हे उहर्स्के ह्रदिश्त्येजवळचं छोटं गाव. इथे पार्श्वभूमी पांढरी आणि रंग हाबान घराण्याचे : पिवळा, निळा, हिरवा, जांभळट. नक्षी मधल्या एका फुलातून दोन्ही बाजूंना सारखी उमलत जाते, काठाला वेलीची किनार. गावात या भांड्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे आणि काम अजून चालू आहे. त्यामुळे तुपेसीची थाळी शंभर वर्षांपूर्वीची आहे की मागच्या वर्षीची, हे नक्षीवरून सांगणं कठीण. बुडाची झीज, आद्याक्षरं आणि झिलईवरचे बारीक ओरखडे बघावे लागतात.

१९४५मध्ये सरकारने लोककारागिरीसाठी ‘ऊलुव्ह’ नावाची मध्यवर्ती संस्था काढली. ती १९९५पर्यंत चालली. तिने कारागिरांना काम दिलं, नमुने सुधारले (काहींच्या मते बिघडवले) आणि माल शहरांतल्या दुकानांत विकला. तिचं लेबल टिकून असलेली वस्तू मिळाली तर लेबल काढू नका.

कुन्श्तातची भांडी यातच मोडतात का?

मोडतात, पण ती कुंचल्याची नव्हेत. मातीच्याच पातळ रंगीत राड्याने, छोट्या मडक्याला पिसाची नळी लावून ठिपके आणि रेघा ओतलेल्या असतात. त्या अवजाराला ‘कुकाच्का’ म्हणतात. दरवर्षी गावात कुंभारांची जत्रा भरते. मोरावियातल्या ब्रनो शहराहून एका दिवसात जाऊन येता येतं.

चेक म्हणून विकली जाणारी पण चेक नसलेली भांडी कोणती?

सगळ्यात जास्त फसगत स्लोव्हाक मालाची होते. होलीचचा कारखाना १७४३मध्ये मारिया थेरेसाचा नवरा फ्रान्झ स्टेफान याने काढला आणि १८२७पर्यंत चालवला गेला. गाव चेक सीमेला अगदी लागून, पण स्लोव्हाकियात. मोद्रा हे ब्रातिस्लाव्हाजवळचं गाव, तिथे १८८३पासून माजोलिका होते. तीही हाबान नात्याचीच, पण स्लोव्हाक. जुन्या देशाचा शिक्का असला की विक्रेते सगळ्यालाच ‘चेक’ म्हणून टाकतात.

पोलंडच्या बोलेस्लाविएत्सचा माल निळा आणि जड असतो आणि मोराच्या डोळ्यासारखे ठसे स्पंजने मारलेले असतात. फ्रान्सच्या केंपेरवर टोपी घातलेला शेतकरी-शेतकरीण असते. आणि तेप्लित्सेजवळच्या दुबी गावचा प्रसिद्ध निळा ‘कांदा’ नमुना चेकच आहे, १८८५पासूनचा, पण ती पोर्सेलीन आहे आणि नक्षीचं मूळ जर्मनीतल्या माइसेनचं, कुठल्या खेड्याचं नव्हे. ‘लोककला’ म्हणून त्याला दुप्पट भाव देऊ नये.

टवका उडालेलं भांडं घ्यावं का?

भांडं कुठलं त्यावर. साल आणि आद्याक्षरं असलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या लग्नाच्या थाळीचा काठ खडबडीत असला तरी घ्यावी, कारण तशी दुसरी नाही. खोदोवियाच्या मगाचा टवका मात्र चालवून घेऊ नका, पुढच्या रविवारी धड मिळेल. कथिलाच्या झिलईचे काठ उडतातच. ती मातीपेक्षा वेगळ्या वेगाने आकसते आणि काठावर तिची पकड कमी असते. जुन्या टवक्यातली माती मळलेली, कडा बोथट असतात. ताज्या टवक्यातली माती कोरी दिसते.

झिलईवरचं बारीक जाळं हा दोष मानत नाहीत. केसचीर मात्र दोषच. भांडं तळहातावर मोकळं धरून बोटाच्या नखाने हलकेच वाजवा. धड असेल तर आवाज लांबतो, चीर असेल तर बद्द येतो. ही मऊ माती आहे, पोर्सेलीनसारखा घणघणाट अपेक्षित नाही.

डागडुजी लपवली असेल तर?

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा मारा. नोटा तपासायचा छोटा दिवासुद्धा चालतो. डिंक आणि ॲक्रिलिक रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळे चमकतात. दिवा नसेल तर गाल लावा : झिलई थंड लागते, रंगवलेला भराव कोमट. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

यात जेवता येतं का?

माझं उत्तर नाही असं आहे. जुन्या झिलईत शिसं असतं आणि आंबट पदार्थ ते ओढून काढतात. आपल्या स्वयंपाकात चिंच, कोकम, ताक, लिंबू आणि टोमॅटो यांच्याशिवाय काय उरतं? लोणचं तर त्यात महिनोन् महिने मुरतं. युरोपच्या १९८४च्या निर्देशाने खोलगट भांड्यातून झिरपणाऱ्या शिशाची मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम ठरवली. त्याआधीचा माल अशा कसोटीला उतरवून विकलेला असेलच असं नाही. बाजारात मिळणाऱ्या चाचणीच्या काड्या पृष्ठभागावरचं शिसं दाखवतात, पण काडीचा रंग बदलला नाही म्हणून भांडं निर्धोक ठरत नाही. सुकी फळं, वेष्टनातल्या गोळ्या, किल्ल्या, हे सगळं ठेवा. लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नका.

धुवायची, टांगायची कशी?

कोमट पाणी, एक थेंब भांडी घासायचा सौम्य साबण, मऊ कापड. भिजत घालायचं नाही, कारण टवक्यातून पाणी आत शिरतं आणि माती आतून डागाळते. ब्लीच, डिशवॉशर, मायक्रोवेव्ह वर्ज्य. वर लावलेला रंग असेल तर साबणही नको. मुंबई-कोकणच्या दमट हवेत धुतल्यावर दोन-तीन दिवस उलटी घालून सुकू द्या, मगच कपाटात ठेवा.

टांगायला स्प्रिंगच्या तारेचे हुक मिळतात. ते काठ खातात, घेऊ नका. घेतलेच तर टोकांवर रबरी नळीचे तुकडे चढवा. मागच्या दोन मूळ भोकांत मजबूत सुती दोरी ओवणं सगळ्यात चांगलं. दोरी वरचेवर बदला.

भारतात ही भांडी मिळतात का?

क्वचित. बोहेमियातल्या याब्लोनेत्स गावच्या काचेच्या बांगड्या आणि मणी मुंबई बंदरात प्रचंड प्रमाणात उतरत, त्यामुळे चोर बाजारात चेक म्हणून जे निघतं ते बहुतेक काचकाम. मातीची भांडी आपल्याकडे पाठवायचं त्यांना कारणच नव्हतं. तेव्हा कुणी ‘पारशी बंगल्यातली चेक माजोलिका’ दाखवली तर उत्साह आवरून आधी भिंग काढा.

तिकडे जाणं होत असेल तर प्रागच्या कोल्बेनोव्हा मेट्रो स्टेशनजवळ शनिवार-रविवारचा मोठा जुना बाजार भरतो. पण प्रागमध्ये भाव पर्यटकांचे. ब्रनो, उहर्स्के ह्रदिश्त्ये, दोमाझ्लित्से इथली वापरलेल्या वस्तूंची साधी दुकानं बघा. ऑनलाइन ‘आउक्रो’ ही चेक लिलावाची साइट आहे. शोधताना चेक शब्द वापरले तर तीच वस्तू अमेरिकन साइटपेक्षा बऱ्याचदा कमी भावात दिसते. म्राझेकसाठी मात्र अमेरिकाच.

ब्रनो-प्रागमध्ये नोकरी-शिक्षणासाठी असलेली मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर मागवून एकत्र आणणं परवडतं. पण ज्याला सांगाल त्याला आधी हे पान वाचायला द्या.

तिथून आणताना कायद्याचं काय?

विसाव्या शतकातल्या साध्या घरगुती भांड्यांना सहसा अडचण येत नाही. त्याहून जुन्या आणि मोलाच्या वस्तूंसाठी चेक कायदा (१९९४चा ७१ क्रमांकाचा) सांस्कृतिक मूल्याच्या वस्तू देशाबाहेर नेताना प्रमाणपत्र मागतो. वय आणि प्रकार पाहून ते ठरतं. युरोपीय संघाबाहेर नेण्याचे नियम आणखी वेगळे. दुकानदाराला विकत घेण्याआधी विचारा, विमानतळावर नव्हे.

आपल्या सीमाशुल्कात १०० वर्षांहून जुन्या वस्तूंचा वर्ग वेगळा आहे. गंमत म्हणजे १९२५च्या सुमाराची ‘पेझंट आर्ट’ आता कुठे ही रेषा ओलांडू लागली आहे. पण वय सिद्ध करायची जबाबदारी तुमची, म्हणून पावतीवर वस्तूचं वर्णन, अंदाजे काळ आणि किंमत स्पष्ट लिहून घ्या. दर बदलतात, पाठवण्याआधी ताजे बघा.

पॅकिंग?

भांड्याच्या आत कागदाचे बोळे भरा. कान आणि चोच वेगळ्या गुंडाळा. झिलई नसलेल्या मातीला वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते. थाळ्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. एका खोक्यात दुसरं खोकं आणि मधे सगळ्या बाजूंनी चार बोटं भराव. झाकण भांड्यावर ठेवून पाठवणाऱ्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेऊ नये.

डोळा तयार करायला कुठे काय बघावं?

प्रागचं सजावटी कलांचं संग्रहालय (स्थापना १८८५), ब्रनोची मोरावियन गॅलरी, उहर्स्के ह्रदिश्त्येचं स्लोवात्स्को संग्रहालय आणि तुपेसी. लंडनला गेलात तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये काही हाबान भांडी आहेत आणि त्यांचे फोटो घरबसल्या मोठे करून बघता येतात. मोरावियातल्या स्त्राझ्नित्सेत १९४६पासून लोककलांचा मोठा उत्सव होतो. हेर्मान लांड्सफेल्ड हा तिथला कुंभार-संशोधक हाबानांच्या जुन्या भट्ट्यांच्या जागा खणून खापरं गोळा करत असे आणि आजचं बरंचसं ज्ञान त्या खापरांवर उभं आहे. फुटलेली खापरं काचेच्या कपाटात दिसली तर पुढे सरकू नका. अखंड भांड्यात न दिसणारी मातीची जात आणि झिलईची जाडी तिथेच दिसते.

थोड्या पैशांत सुरुवात करायची तर पहिली वस्तू कोणती?

तुपेसीची एक मध्यम थाळी, पांढऱ्या पार्श्वभूमीची, टवका नसलेली. तिच्यावर फटकारे मोकळे दिसतात, जोड सापडतो, मागची भोकं बघता येतात. त्यानंतर खोद्स्कोचा एक गडद मग, म्हणजे दोन्ही घराणी समोर राहतील. म्राझेकचं भांडं तिसरं, आणि तेही फोटोत काठाचा आणि बुडाचा जवळून घेतलेला भाग दाखवणाऱ्या विक्रेत्याकडूनच. असा फोटो मागितल्यावर जो विक्रेता ‘कंडिशन एक्सलंट’ एवढंच उत्तर पाठवतो, त्याला दुसरा निरोप पाठवायची गरज नाही.